चला शेतावर, मोत्यासकट!

घरात कुत्रा असलेल्या बाईला तुम्ही कधी विचारून पाहिलंय का, "काय हो, तुम्ही गावाला शेवटच्या कधी गेला होतात?" विचारून पाहा. ती आधी हसेल, मग बोटं मोजू लागेल, आणि शेवटी म्हणेल, "अहो, आमचा हा आहे ना! ह्याला कुणाकडे ठेवणार?" मुलांच्या सुट्ट्या, ह्यांची रजा, सासूबाईंचे उपास असं सगळं जमवून बेत ठरतो, आणि बेत ठरल्यावर कुणाला तरी आठवतं की ह्या मुक्या जिवाचं काय? मग सगळ्यांच्या नजरा घरातल्या ज्या व्यक्तीकडे वळतात, ती कोण हे मी तुम्हाला सांगायला नको.

आमच्या घरी गेली पाच वर्षं मोत्या आहे. जातिवंत वगैरे काही नाही. आमच्या सोसायटीच्या जिन्याखाली पावसात कुडकुडत बसलेलं पिल्लू धाकटीनं दप्तरात घालून वर आणलं आणि ते राहिलं, इतकंच. सासूबाईंनी तेव्हाच अट घातली होती : देवघर आणि स्वयंपाकघर ह्यांच्या उंबऱ्याच्या आत त्याचं पाऊल पडता कामा नये. मोत्यानं ती अट आमच्यापेक्षा चोख पाळली. उंबऱ्याशी नाक टेकून तो बसेल, पण आत येणार नाही.

ह्या पाच वर्षांत घरची मंडळी दोनदा कोकणात जाऊन आली, एकदा महाबळेश्वरला. तिन्ही वेळा मी मागे राहिले. मावसबहिणीच्या मुलीच्या लग्नाला सांगलीला गेले ती मुहूर्ताला पोचून रात्रीच्या गाडीनं परत. मध्ये एकदा कुत्री सांभाळणाऱ्या एका ठिकाणी त्याला चार दिवस ठेवून पाहिलं. तिथं तो तीन दिवस अन्नाला शिवला नाही, आणि घरी आला तेव्हा अंगभर गोचीड. तेव्हापासून तो विषय बंद झाला. आता मला कुणी 'तू राहा' असं म्हटलं होतं का? मुळीच नाही. आमच्याकडे कुणी तसं म्हणत नाही. फक्त 'मी राहतो' असंही कुणी म्हणत नाही.

ह्या जानेवारीत मात्र जोडून सुट्टी आली आणि मी जाहीर केलं की ह्या खेपेला मोत्याला घेऊन जाता येईल अशाच ठिकाणी जायचं, नाहीतर कुणीच कुठे जायचं नाही. माझा आवाज ऐकून हे वर्तमानपत्रातून वर बघू लागले. आणि शोध सुरू झाला.

मैत्रिणींनो, शेतावर जाऊन राहण्याची ही कल्पना आपल्याकडे आता तशी नवी राहिलेली नाही. पूर्वी आपल्याला मामाचं गाव होतं, त्यामुळे पैसे देऊन शेतावर राहायला जाणं हा विचारही कुणाच्या डोक्यात आला नसता. आता शहरातल्या पुष्कळ मुलांचे मामाही शहरातच. ही उणीव ओळखून २००५ साली पांडुरंग तावरे ह्यांनी बारामती तालुक्यातल्या पळशीवाडीला कृषी पर्यटनाचा प्रयोग सुरू केला. पाहुण्यांनी शेतकऱ्याच्या घरी राहायचं, त्याच्या घरचं खायचं, बैलगाडीत बसायचं, दूध काढताना पाहायचं, आणि शेतकऱ्याला पिकाखेरीज चार पैसे सुटायचे, अशी ती कल्पना. पुढे राज्यभर अशी केंद्रं निघाली आणि २०२० मध्ये महाराष्ट्र शासनानं कृषी पर्यटनाचं धोरणच जाहीर केलं. शेतकऱ्याला पर्यटन संचालनालयाकडे आपल्या केंद्राची रीतसर नोंदणी करता येते. परदेशातही हे आहेच. इटलीत तर १९८५ सालापासून त्यासाठी स्वतंत्र कायदा आहे, आणि तिथंही पाहुण्यांची सोय हा शेतीचा जोडधंदा असावा, शेती मुख्य राहावी, हेच त्याचं सूत्र.

तर अशा शेतांवर फोन करायचं काम मी शाळेच्या मधल्या सुट्टीत केलं. (मी एका शाळेत अर्धवेळ मराठी शिकवते.) "कुत्रा चालेल का?" ह्या प्रश्नाला उत्तरं किती तऱ्हेची मिळावीत! एकजण म्हणाले, "चालेल, पण पिंजऱ्यात." दुसरे म्हणाले, "चालेल, गोठ्यात बांधा." एका बाईंनी "कुत्रा? अहो, इथं सगळे शाकाहारी आहेत," असं सांगून फोन ठेवला. शेवटी नारायणगावच्या पुढे, जुन्नर तालुक्यातल्या एका वाडीवर फोन लागला. पलीकडे घरधनीण होत्या. त्यांनी 'चालेल' म्हटलंच नाही. त्यांनी उलट मलाच विचारलं, "ताई, त्याला इंजेक्शनं दिलीत का? कोंबडी धरतो का? गाईवर भुंकतो का? आणि रात्री घरात झोपतो ना?" पहिल्या तीन प्रश्नांचं कारण मला लगेच कळलं. चौथ्याचं कळायला शेतावर जावं लागलं.

मी ह्यांना म्हटलं, जिनं इतकं विचारलं तिच्याकडेच जायचं. आपल्या कुत्र्याविषयी जो काहीच विचारत नाही, त्याच्या शेतावर एकतर शेती नसते, नाहीतर त्याला आपल्या कुत्र्याची फिकीर नसते.

पुण्याहून नारायणगाव नाशिक रस्त्यानं साधारण पंचाहत्तर-ऐंशी किलोमीटर. पहाटे निघालो म्हणजे ऊन चढायच्या आत पोचतो. कुत्रा बरोबर असला की हे फार महत्त्वाचं आहे. आपल्यासारखा त्याला अंगभर घाम येत नाही. घाम काय तो पंजांच्या गाद्यांना. बाकी सगळी उष्णता तो जीभ बाहेर काढून, धापा टाकूनच बाहेर सोडतो. म्हणून चहाला थांबलात तरी त्याला बंद गाडीत ठेवून जाऊ नका. उन्हात उभ्या असलेल्या गाडीत दहा मिनिटांत दहा-अकरा अंशांनी तापमान चढतं. काचा बोटभर खाली ठेवल्या तरी फारसा फरक पडत नाही. आम्ही आळीपाळीनं चहा प्यायलो. निघण्यापूर्वी तीन-चार तास त्याला पोटभर खायला घातलं नव्हतं, त्यामुळे वाटेत ओकारीही झाली नाही. ज्यांच्याकडे गाडी नाही आणि आगगाडीच्या वाटेवरचं गाव आहे, त्यांनी एवढं लक्षात ठेवा की रेल्वेत कुत्रा बरोबर बसवायचा तर पहिल्या वर्गाचा पूर्ण कूपे किंवा केबिन घ्यावी लागते. नाहीतर त्याची रवानगी गार्डाच्या डब्यातल्या पेटीत होते.

वाडीवर पोचताच तिथले दोन गावरान कुत्रे भुंकत अंगावर आले. आमचा मोत्या एवढा सोसायटीचा राजा, पण शेपूट पोटाशी. धाकटी रडायला लागली. पण वहिनी (घरधनीण माझ्याहून दोन-चार वर्षांनी लहानच असतील, पण पहिल्या तासातच त्या आमच्या वहिनी झाल्या) शांतपणे पुढे आल्या आणि म्हणाल्या, "घरात आणू नका अजून. चला, जरा चालून येऊ." त्यांच्या दोघांना त्यांच्या मुलानं दोरीला धरलं, मोत्याला आमच्या मुलानं पट्ट्याला धरलं, आणि बांधाबांधानं आम्ही सगळे समांतर चालत राहिलो. आधी मध्ये चांगलं वीस पावलांचं अंतर, मग दहा, मग पाच. अर्ध्या तासानं परत आलो तेव्हा तिघं एकाच खांबाचा वास घेत होती! अंगण हा त्यांचा मुलूख. तिथं समोरासमोर गाठ घातली की भांडण होणारच. मोकळ्या रानात बरोबर चालवलं की तेच सोबती होतात. हे शहाणपण कुत्र्यांपुरतंच आहे असं मला वाटत नाही.

शेत होतं सहा एकरांचं. दोन एकर द्राक्षं, थोडा ऊस, थोडा कांदा, उरलेल्यात गाईंचा चारा. जानेवारीत द्राक्षांचे घड उतरत होते. मुलांना तर पर्वणीच! आणि इथंच मी तुम्हाला एक गोष्ट कळकळीनं सांगणार आहे : कुत्र्याला द्राक्षं देऊ नका. बेदाणे, मनुकाही नाहीत. आपल्याला इतकं गोड लागणारं हे फळ त्याची मूत्रपिंडं निकामी करू शकतं. किती खाल्ली म्हणजे बाधतील ह्याचा नेम नाही. एखाद्याला मूठभर चालतात, एखाद्याला चारही बाधतात. द्राक्षात जे टार्टारिक आम्ल असतं त्यामुळे हे होत असावं असं अलीकडे, २०२१ पासून, पशुवैद्य म्हणू लागले आहेत. तेच आम्ल चिंचेत असतं, म्हणून चिंचेचाही मोह नको. शिवाय बागेत औषधांची फवारणी चालू असते. कुत्रा पानं चाटतो, मग पंजे चाटतो. वहिनींनी पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं, "बागेत तुम्ही या, मोत्या नको."

दुसरी गोष्ट कांद्याची. दुपारी जेवायला मासवडी आणि रस्सा होता. जुन्नरकडे गेलात आणि मासवडी न खाता आलात तर तुमचं जाणं फुकट! सारणातलं ते तीळ-खोबरं, त्यावरचं बेसनाचं मऊ आवरण आणि झणझणीत रस्सा. सासूबाईंनी तीन वेळा मागून घेतला. पण रश्शात कांदा-लसूण असणारच, आणि ही दोन्ही कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. शिजवलेला कांदाही तसाच. लगेच काही दिसत नाही, दोन-चार दिवसांनी हिरड्या पांढुरक्या पडतात, जनावर मलूल होतं, आणि आपण म्हणतो दृष्ट लागली. म्हणून उरलेला रस्सा-भाकरी त्याच्यापुढे सरकवू नका. मी मोत्यासाठी घरून भात आणि उकडलेली अंडी नेली होती. वहिनींनी कोरी भाकरी ताकात कुस्करून दिली, ती त्यानं जास्त आवडीनं खाल्ली.

गोठ्यात सहा संकरित गाई, त्यांतली एक नुकतीच व्यालेली. ती मोत्याला पाहताच दावं तोडायला निघाली. वासरू लहान असलं की गरीब गाईचीही वाघीण होते. शहरातली मुलं कुत्र्याला घेऊन कौतुकानं गोठ्यात शिरतात, तेव्हा शिंग कुणाला लागेल सांगता येत नाही. गोठ्याशी पट्टा हातात, आणि अंतर चांगलं दहा पावलांचं.

गोठ्यामागे शेततळं होतं. तुम्ही पाहिलं असेल, मोठा चौकोनी खड्डा, आतून काळ्या प्लॅस्टिकचा कागद घातलेला, उतरते काठ. उन्हाळ्यात बागेला हेच पाणी. दिसायला तलावासारखं सुंदर, पण त्या ओल्या प्लॅस्टिकवर पाय ठरत नाही. कुत्रा पाणी प्यायला वाकला आणि आत घसरला तर त्याला कितीही पोहता येत असलं तरी काठावर चढता येत नाही. तीच गत माणसांची. ह्या तळ्याला तारेचं कुंपण होतं आणि आत गाठी मारलेला जाड दोर सोडलेला होता. तुम्ही जाल तिथं हे दोन्ही आहे का, एवढं जाताच पाहून घ्या, आणि तशीच विहीर बांधलेली आहे का तेही. मुलांसाठी तर पाहाच पाहा.

आता तो चौथा प्रश्न. संध्याकाळी सहा वाजले तशी वहिनींनी कोंबड्या डालल्या, गोठ्याचं जाळीचं दार लावून घेतलं, आणि त्यांच्या दोन्ही कुत्र्यांना पडवीच्या आत घेऊन कडी घातली. आमच्या घरी अलिखित नियम असा की मोत्या रात्री बाल्कनीत झोपतो. इथंही सासूबाईंनी त्याच्यासाठी अंगणातला खांब हेरून ठेवला होता. मी साखळी घेऊन निघाले तशी वहिनी लगबगीनं आडव्या आल्या. "ताई, बाहेर नका बांधू. रात्री बिबट्या येतो. मागल्या साली आमचा थोरला कुत्रा नेला, ह्याच खांबाचा."

पुण्यात बसून आपण बिबट्या फक्त वर्तमानपत्रात पाहतो. जुन्नर, आंबेगाव, शिरूर ह्या भागात तो रोजच्या जगण्याचा भाग आहे. कुकडी प्रकल्पाची माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे ही धरणं झाली, कालव्यांचं पाणी आलं, त्यामागून ऊस आला. वर्षभर उभ्या राहणाऱ्या त्या दाट पिकात बिबट्याला आडोसा मिळतो, पाणी मिळतं, आणि वस्तीवर खायलाही मिळतं. उसातच माद्या पिल्लं घालतात, आणि तोडणीच्या वेळी ती पिल्लं कामगारांना सापडतात. जुन्नरजवळ माणिकडोहला बिबट निवारण केंद्रच आहे. शेजारच्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्यांच्या खाण्याचा अभ्यास केला, तो २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात असं दिसलं की वजनाच्या हिशेबानं बिबट्याच्या आहारात ८७ टक्के पाळीव प्राणी होते, आणि त्यांत सर्वांत मोठा वाटा शेळ्या-गाईंचा नव्हे, तर कुत्र्यांचा, ३९ टक्के. माणसांवरही ह्या भागात हल्ले झालेले आहेत, जीव गेलेले आहेत. म्हणून अंधार पडल्यावर मुलांना आणि कुत्र्याला अंगणापलीकडे सोडायचं नाही. कुत्र्याला शू करायला न्यायचं तर दोन मोठ्या माणसांनी, दिवा घेऊन, बोलत बोलत, आणि उसाच्या कडेला मुळीच नाही.

प्रश्न असा होता की आता मोत्यानं झोपायचं कुठे? आम्हाला खोल्या दोनच. एकीत हे आणि मुलं, जमिनीवर गाद्या घालून, पाऊल ठेवायला जागा नाही. दुसरीत मी आणि सासूबाई, आणि त्याच खोलीत कोनाड्यात त्यांनी घरून आणलेली दत्ताची लहान तसबीर, उदबत्ती, सगळं मांडलेलं. मी काही बोलले नाही. ह्यांच्याकडे पाहिलं, तर हे छताकडे पाहत होते. मोत्या दाराच्या उंबऱ्याशी नाक टेकून बसलेला. बाहेर उसाची सळसळ, आणि दूर कुठंतरी कुत्री एकदम भुंकायला लागली. आमच्या सासूबाई म्हणजे सोवळ्याच्या कडक. पाच वर्षांत त्यांनी त्याला हात लावलेला मी पाहिला नाही. त्या थोडा वेळ तसबिरीकडे पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "दत्ताच्या पायाशी चार असतात. माझ्या पायाशी एक असला म्हणून काय बिघडलं? ये रे आत."

मोत्या येईना! पाच वर्षांची सवय. शेवटी सासूबाई स्वतः उठल्या, त्याच्या गळपट्ट्याला धरलं आणि आत ओढून घेतलं. रात्रभर तो त्यांच्या पायथ्याशी होता. मी दोनदा जागी झाले, तो जागाच होता, कान दाराकडे.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला मला बादलीच्या आवाजानं जाग आली. वहिनी धारा काढायला बसल्या होत्या. मीही शाल गुंडाळून तिथं जाऊन उभी राहिले, लांबूनच. बोलता बोलता मी विचारलं, "माहेर कुठलं तुमचं?" म्हणाल्या, "ओतूर." ओतूर म्हणजे त्याच तालुक्यात, तासाभराच्या आतलं. "मग जाता येत असेल वरचेवर?" वहिनी हसल्या. "जाते की. सकाळची धार काढून जाते, संध्याकाळच्या धारेला परत. अकरा वर्षं झाली, माहेरी रात्रीची राहिले नाही."

मी गप्प झाले. त्यांनीच मग समजावून सांगितलं. गाईला हात ओळखीचा लागतो. परका माणूस बसला की ती बिचकते, दूध वर चढवते, पान्हा सोडत नाही. ह्याला शास्त्रही आहे. शांत असली की तिच्या मेंदूतून जो स्राव येतो त्यानं दूध उतरतं, आणि ती घाबरली की तोच स्राव अडतो. दूध अंगात राहिलं की कास सुजते, गाय आजारी पडते, डेअरीचे पैसे बुडतात. "ह्यांना येते धार काढायला, पण ते बसतच नाहीत. म्हणतात, तुझ्याच हाताला देते ती." आणि हे सगळं आटोपून आमच्यासारख्या आठ-दहा पाहुण्यांचा चहा, नाश्ता, चुलीवरच्या भाकऱ्या. आम्ही शहरातून 'विश्रांती'साठी येतो, ती विश्रांती कुणाच्या तरी पहाटे पाचपासूनच्या उठण्यावर उभी असते.

मैत्रिणींनो, एका कुत्र्यापायी आपलं कसं अडतं, हे मी पाच वर्षं मनात घोळवत होते. इथं सहा गाईंपायी अकरा वर्षं अडलेली बाई माझ्यासमोर बसून धारा काढत होती. जनावरानं आम्हाला दोघींना अडवलं असं आम्ही दोघीही म्हणत होतो. पण त्या गोठ्यात उभी असताना मला वाटलं, जनावर कुठं अडवतंय? ज्या हाताची त्याला सवय लावली तोच हात ते मागणार. दुसऱ्या हाताची सवय लावायला घरात कुणी बसलेलंच नाही.

मी हे वहिनींना बोलून दाखवलं. त्या म्हणाल्या, "खरंय ताई. पण सवय लावायची म्हणजे पंधरा दिवस ह्यांनी माझ्या शेजारी बसायला पाहिजे. बसतील कधी?" त्यावर मला उत्तर देता आलं नाही. एक उपयोगाची गोष्ट मात्र मी त्यांना सांगितली. २०२३ मध्ये राज्य शासनानं महिलांसाठी 'आई' नावाचं पर्यटन धोरण आणलं आहे. स्त्रीच्या नावावर पर्यटनाचा व्यवसाय असेल तर पंधरा लाखांपर्यंतच्या बँकेच्या कर्जावरचं व्याज ठरलेल्या मर्यादेत परत मिळण्याची त्यात सोय आहे. वहिनींनी ते कागदावर लिहून घेतलं. केंद्राची नोंदणी त्यांच्या यजमानांच्या नावावर होती, आणि राबणारे हात वहिनींचे.

आता तुम्ही जाणार असाल तर थोडी तयारी सांगते. कुत्र्याला रेबीजची लस वेळेवर दिलेली हवी, आणि तिचा दाखला बरोबर हवा. पूर्वी कुत्रा चावला की पोटात चौदा इंजेक्शनं, ही धास्ती आपल्या लहानपणी सगळ्यांना होती. ती जुनी लस भारतात २००५ च्या सुमारास बंद झाली, आता दंडात चार-पाच इंजेक्शनांत भागतं. पण रोग मात्र तितकाच जीवघेणा आहे. अनोळखी कुत्र्यानं चावलं, नुसतं ओरबाडलं तरी जखम साबणानं वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा, हळद-चुना काही लावू नका आणि लगेच दवाखाना गाठा. शेतावर उंदीर असतात, त्यांच्या मुतानं पाणी दूषित होतं, म्हणून लेप्टोची लसही पशुवैद्यांना विचारून घ्या. उंदरांसाठी ठेवलेलं विषही कोपऱ्यात असतं, ते कुठे आहे हे विचारून ठेवा. गोचिडांचं औषध निघण्यापूर्वीच लावा. परतल्यावर कानांच्या आत, बोटांच्या बेचक्यांत, शेपटीच्या मुळाशी तपासा. गोचीड सापडली तर चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढा, नखानं चिरडू नका. तिच्यामुळे ताप येतो आणि तो कुत्र्याच्या जिवावर बेततो.

त्याचं अंथरूण, त्याचं ताट, पाण्याचं भांडं घरचंच न्या. यजमानांच्या पांघरुणावर त्याला झोपवू नका. एक जुनी चादर, एक झाडणी आणि घाण उचलायला कागद एवढं बरोबर असलं की कुणाला आपला उपद्रव होत नाही. कुत्र्याचे वेगळे पैसे मागितले तर घासाघीस करू नका. तो खोलीत झोपला की ती खोली कुणाला तरी दुप्पट झाडावी लागते, आणि ते कुणी म्हणजे वहिनीच असतात. आम्ही निघताना खोली मी आणि मुलानं मिळून झाडून काढली.

घरी आल्यावर दोन बदल झाले. मोत्याला आता स्वयंपाकघराचा उंबरा बंद आहे, पण सासूबाईंच्या खोलीचा उघडा आहे. दुसरा बदल मी घडवून आणला. रोज सकाळचं मोत्याचं फिरणं आणि रात्रीचं खाणं हे काम मी ह्यांच्याकडे दिलं. पहिले आठ दिवस मोत्या माझ्याकडेच बघत बसायचा, ताटाला तोंड लावायचा नाही. हे म्हणाले, "बघ, तुझ्याच हातचं लागतं त्याला." मी म्हटलं, "लागू दे. तुम्ही बसा तिथंच." मी उठून आतल्या खोलीत गेले आणि वह्या तपासत बसले. नवव्या दिवशी त्यानं खाल्लं.

मे महिन्यात मी मिरजेला माहेरी जाणार आहे, चांगली दहा दिवस, एकटी. तिकीट काढून झालं आहे. मोत्या पुण्यातच राहील. वहिनींना मी फोन करून हे सांगितलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "जा ताई, राहून या." मग थोडं थांबून म्हणाल्या, "कालपासून आमचे हे एका गाईखाली बसायला लागलेत. अजून पान्हा नाही सोडला तिनं." मी त्यांना सांगितलं की आमच्याकडे कुत्र्याला नऊ दिवस लागले होते, गाईला थोडे जास्त लागतील.